तांबडा चिकटा

इंगुनचं तोंड डोंगराकडे होतं आणि प्रवास दरीकडे चालला होता.

एक पाऊल वर, दीड पाऊल खाली. पायांतल्या स्की ओल्या साबणाच्या वडीसारख्या निसटत होत्या. पाठीवरच्या पिशवीत गुद्रुन आत्याच्या भट्टीतल्या नाताळच्या सात परींच्या, म्हणजे सात प्रकारच्या, गोड बिस्किटांचे डबे खडखडत होते. ते दुपारच्या आत डोंगरावरच्या स्की मंडळाच्या लाकडी घरात पोचवायचे होते. आणि डबे मात्र हट्टानं खाली, गावाकडेच निघाले होते.

“बाजूला व्हा!” मागे कुणीतरी आहे, असं वाटून ती ओरडली.

“कुठल्या बाजूला?” मागून आवाज आला. शांत, अगदी विचारपूस करावी तसा.

“कुठल्याही!”

त्यानं मात्र कुठलीच बाजू धरली नाही. हातातल्या काठ्या टाकल्या आणि दोन्ही हात पसरून उभा राहिला. पुढच्या क्षणी इंगुन, डबे, स्की आणि तो असे सगळे पचकन ओल्या बर्फात बसले.

“नमस्कार,” तो म्हणाला.

गावात समोरासमोर आलं तर इथली माणसं बुटाच्या नाड्यांत गुंततील पण तोंड उघडणार नाहीत. डोंगरवाटेवर मात्र नमस्कार केल्यावाचून पुढे जाणं म्हणजे पाप. म्हणून इंगुननंही बसल्याबसल्या मान लववली. “नमस्कार. लागलं का हो?”

“मला नाही. तुमच्या डब्याच्या कोपऱ्याला लागलंय. वासावरून दालचिनीचा वाटतोय.”

ती हसली. तेवढ्यात तिनं त्याला ओळखलं. चेहऱ्यावरून नव्हे, पाठीवर मंडळाचं नाव असलेल्या पिवळ्या जाकिटावरून. नवा वाटवाला, यंत्रानं बर्फात स्कीची वाट पाडणारा! जुना वाटवाला पाय मोडून घरी बसला म्हणून नाताळपर्यंत बोलावून घेतलेला, किनाऱ्याकडचा सीवर्ट. गेले तीन आठवडे ती पहाटे भट्टीपाशी पीठ मळायची, तेव्हा खिडकीतून त्याच्या यंत्राचा दिवा दिसायचा. काळ्या डोंगरावर एक पिवळा ठिपका सावकाश वर चढायचा, आणि त्याच्या मागे बर्फात दोन सरळ चाकोऱ्या उमटत जायच्या. मळता मळता तिचे हात थांबायचे. आत्या विचारायची, “काय गं, पीठ झोपलं की तू?”

आता तो ठिपका तिच्या शेजारी बसून टोपीतलं बर्फ झटकत होता. त्याला तपकिरी भुवया होत्या, आणि एका गालावर… हो, खळी होती.

“एक विचारू?” तो तिच्या स्कीच्या तळाकडे बघत म्हणाला. “याला पकडीचं मेण कुणी लावलं?”

“बाबांनी.”

“कोणतं?”

“निळं.”

“निळं? कडाक्याच्या थंडीचं? अहो, हे बर्फ आहे का? ही तांदळाची खीर आहे!”

“बाबा म्हणतात, उद्या गोठणार.”

“कधीपासून म्हणतायत?”

“सोमवारपासून,” इंगुन खाली बघून म्हणाली. “आणि आज गुरुवार.”

दर वर्षी नाताळच्या आधी हेग्गेली खोऱ्यात असा उबारा येतोच. छपरं टपटपू लागतात, बर्च झाडं अंग झटकून ओली उभी राहतात, आणि भर हिवाळ्यात वाटतं, वसंत चुकून दारात आला आणि पत्ता विचारतोय. जुनी माणसं याचा दोष वाऱ्याला देत नाहीत, बायकांना देतात. घरोघरी सात परींचं गोडधोड भाजायला भट्ट्या पेटतात, त्यांच्या धगीनंच डोंगर पाझरतो, असं म्हणतात. गुद्रुन आत्या तर लाटताना गुणगुणतेच —

सात परींचं गोड माझं, भट्टी पेटली दारोदारी,
डोंगर घामानं गं भिजला, बर्फ उतरलं ओढ्यावरी…

“म्हणजे माझं बर्फ वितळवणारी ती तुम्हीच,” सीवर्ट म्हणाला. “पहाटे चार वाजता पेटते, ती खिडकी. मी वरून बघतो.”

“तुम्ही… बघता?”

“तेवढा एकच दिवा असतो खाली. दुसरीकडे कुठे बघणार?”

इंगुनच्या कानांच्या पाळ्या गरम झाल्या. तिनं टोपी खाली ओढली.

मग त्यानं जाकिटाची चेन उघडली, शर्टात हात घातला आणि काखेतून एक नळी बाहेर काढली. इंगुन बघतच राहिली.

“हे काय?”

“तांबडा चिकटा. ओल्या बर्फाचं मेण. गार झाला की दगड होतो, म्हणून अंगाशी ठेवायचा. आमच्या किनाऱ्यावर कोरडं बर्फ पडतं कुठे? आमची पोरं आधी चिकटा लावायला शिकतात, मग चालायला.” त्यानं तिची एक स्की उचलली, आणि…

“थांबा!”

तो थांबला.

“सव्वीस वर्षांत या तळाला बाबांशिवाय कुणी हात लावलेला नाही,” इंगुन म्हणाली. म्हटल्यावर तिलाच ते किती बावळट वाटतंय, ते कळलं. पण खोऱ्यात सगळ्यांना ठाऊक होतं की तोर्गेर, म्हणजे तिचे बाबा, मेणाच्या बाबतीत देव होते. मंडळाचे अध्यक्ष तर होतेच. त्यांच्या मेणाच्या खोलीची किल्ली आईलासुद्धा मिळत नसे. या खोऱ्यात मुलीच्या स्कीला बाप मेण लावतो, आणि बापानंतर नवरा. मधे तिसरं कुणी लावल्याचं ऐकिवात नव्हतं.

सीवर्टनं स्की तशीच गुडघ्यावर धरली. “मग विचारूनच लावतो. लावू?”

वर डोंगरमाथ्यावर डिसेंबरचं आखूड ऊन नुकतंच टेकलं होतं. एका फांदीवरून थेंब पडला — टप. मग दुसरा…

“लावा,” ती म्हणाली. “पण पातळ. बाबांना कळता कामा नये.”

“चिकटा आणि कळता कामा नये?” तो हसला. “हा अंगाला लागला की पुढच्या वर्षीपर्यंत साक्ष देतो.”

त्यानं अंगठ्यानं तळावर लेप ओढला, डोळे बारीक करून, जखमेवर मलम लावावं तसा. बाबा मेण लावताना कपाळाला आठ्या घालत. हा मात्र ओठांतल्या ओठांत काहीतरी गुणगुणत होता. त्याचं गुणगुणणं नीट ऐकायला म्हणून ती जरा वाकली, आणि तिची वेणी पुढे आली. ती थेट चिकट्यात.

“हलू नका!”

“मी हललेच नाही!”

“वेणी हलली.”

त्यानं वेणी सोडवली, तर ती त्याच्या हातमोज्याला चिकटली. तिनं हातमोजा ओढला, तर तिचा हातमोजा त्याच्या हातमोज्याला चिकटला. दोघं गुडघ्यांवर, नाकासमोर नाक, आणि मधे चार हातमोज्यांचा गोळा.

“आता?” ती कुजबुजली.

“आता… एक तर हात बाहेर काढायचे, नाहीतर असंच नाताळ करायचं.”

इंगुननं हात बाहेर काढले. लगेच नाही काढले, हे ती नंतर आत्यापाशी कबूल करणार होती.

आणि मग काय सांगावं! ज्या चढणीवरून ती घरंगळत होती, ती चढण ती मांजरीसारखी चढली. पाऊल टाकलं की मेण बर्फ धरून ठेवायचं, उचललं की सोडायचं. माथ्यावर दोघांनी एक संत्रं वाटून खाल्लं, दालचिनीच्या डब्यातली मोडकी बिस्किटं संपवली, बाकीची मंडळाच्या घरात पोचवली, आणि उतारावर मऊ, रवाळ बर्फातून अशी घसरगुंडी केली की त्या खिरीचे शिंतोडे भुवयांपर्यंत उडाले. ‘तुम्ही’ कुठल्या वळणावर गळून पडलं, कुणाच्याच लक्षात आलं नाही.

निरोप घेताना त्यानं नळी तिच्या हातात दिली. “ठेव. सोमवारपासून रोज ‘उद्या गोठणार’ असलं तरी.”

*

बाबांना कळायला अर्धा तासही लागला नाही. जेवणाआधी ते स्की पुसायला गेले आणि मेणाच्या खोलीतून हाक आली.

“इंगुन! हे काय आहे?”

“कुठे काय?”

“तांबडं आहे. चिकट आहे. डांबरासारखा वास येतोय.” बाबा दारात आले. त्यांच्या तर्जनीला स्की लोंबकळत होती. “आणि सुटत नाही!”

भट्टीवरून गुद्रुन आत्या आली होती. तिनं भावाकडे एक नजर टाकली आणि खुर्चीत बसून घेतलं. असा तमाशा उभ्यानं का बघावा?

“बाबा, मी घसरत होते. वाटवाल्यानं मदत केली.”

“त्या पावसाळी किनाऱ्यावरच्या पोरानं? न विचारता?”

“विचारून.”

“कुणाला?”

“मला!”

बाबांनी बोट झटकलं, पण स्की तशीच लोंबकळत राहिली.

“आज स्कीला हात लावला,” बाबा म्हणाले, “उद्या…”

“उद्या काय, दादा?” आत्यानं विचारलं. “उद्या तर तू म्हणतोस गोठणार.”

बाबांनी तिच्याकडे दुर्लक्ष केलं. “येत्या रविवारी नाताळची शर्यत आहे. रीत आहे आपली. ज्यानं वाट पाडली, त्यानं ती शर्यतीत चालून दाखवायची. त्याला नव्या वर्षात ठेवायचं की परत पाठवायचं, ते मी रविवारीच ठरवणार. आणि आधीच सांगतो, खोऱ्याचं बर्फ ज्याला कळत नाही, तो इथे राहणार नाही.”

इंगुननं सगळं ऐकलं. सोमवारपासून पहाटे खिडकीतून बघायचं, आणि डोंगर नुसता काळा?

शुक्रवारी सीवर्ट पाव घ्यायला आला. तीन आठवड्यांत पहिल्यांदा. आत्यानं त्याला पाहिलं आणि तिला अचानक मागच्या खोलीत पीठ मोजायचं आठवलं.

“ऐकलं ते,” तो टोपी हातात फिरवत म्हणाला. “सोमवारच्या बोटीचं तिकीट काढून ठेवावं म्हणतो.”

“शर्यत जिंकलास तर?”

“जिंकायचं नाही. नीट चालायचं. तेवढं येतं मला.” मग गालावर खळी आली. “गावात सगळ्यांच्या स्कीला कुणी ना कुणी मेण लावतंय. रस्त्यानं येताना बघत होतो. म्हातारा म्हातारीच्या, भाऊ बहिणीच्या…”

“आणि तुझ्या?”

“मीच. बाप बोटीवर असायचा, आई मासळीच्या कारखान्यात. तिच्या हाताला माशाचं तेल असायचं. ती म्हणायची, माझा हात लागला तर तू थेट समुद्रात जाशील.” तो हसला. “सवय झाली.”

पाव घेऊन तो गेला. इंगुन बराच वेळ दाराकडे बघत राहिली. एवढ्या मोठ्या माणसाच्या स्कीला आजवर कुणी हात लावला नव्हता, आणि तो सांगतानासुद्धा हसतो… म्हणजे काय!

शनिवारी दुपारी तो यंत्र घेऊन वर गेलेला असताना इंगुननं मंडळाच्या पडवीतून त्याच्या स्की पळवल्या. भट्टीसमोर आडव्या टाकल्या, नळी ऊबेला धरली आणि कामाला लागली.

सव्वीस वर्षांत मेणाच्या खोलीत तिनं एकच काम केलं होतं. बाबा लावताना दिवा धरायचा. तिला माहीत होतं ते आठवून आठवून तिनं केलं. पातळ लावायचं, हे तर तिला ठाऊकच होतं. पण पहिला थर दिल्यावर वाटलं, उद्या त्याची परीक्षा, थोडा अजून. मग वाटलं, वरची चढण मोठी आहे, थोडा अजून. शेवटी नळी रिकामी झाली, आणि पावावर मुरंबा थापावा तसा तळ तांबडालाल चमकू लागला.

आत्यानं येऊन बघितलं. पुतणीच्या नाकाला चिकटा, कोपराला चिकटा, पीठ मळायच्या ओट्याला चिकटा.

“इतका?” ती म्हणाली.

“इतका,” इंगुन म्हणाली.

आत्यानं फक्त तिच्या डोक्यावरून हात फिरवला, आणि हात सोडवायला दोघींना बराच वेळ लागला.

*

रविवारी सकाळी इंगुनला जाग आली ती बाबांच्या आरोळीनं.

“गोठलं! म्हटलं नव्हतं? गोठलं!”

बाबा अंगणात नुसत्या लोकरी विजारीवर उभे होते. रात्रीतून पारा खाली गेला होता, आणि त्या गोठलेल्या जुन्या बर्फावर दोन बोटं नवं, कोरडं बर्फ पडलं होतं. चाळलेल्या पिठासारखं, हलकं. सहा दिवस चुकलेला माणूस सातव्या दिवशी बरोबर आला, की त्याच्या आनंदाला सीमा नसते. बाबांनी शेजाऱ्यांनासुद्धा निळं मेण वाटलं. आजवर कुणाला न दाखवलेला तुकडा काढून वाटला!

शर्यतीच्या जागी सीवर्टनं इंगुननं रात्री गुपचूप परत ठेवलेल्या आपल्या स्की पडवीतून काढल्या, उलट्या केल्या, आणि तसाच उभा राहिला. त्यानं तळाकडे बघितलं. मग नव्या बर्फाकडे. मग गर्दीत उभ्या असलेल्या इंगुनकडे, तिच्या नाकावरच्या तांबड्या ठिपक्याकडे.

“तू लावलंस?”

“हो. स्वतः. जास्त झालंय का?”

त्यानं स्की सरळ करून बर्फावर ठेवल्या. “नाही… बेताचंच आहे.”

“अरे पोरा,” शेजारचा एक म्हातारा कळवळून म्हणाला, “ते खरवड आणि हे घे निळं. पाच मिनिटं आहेत अजून.”

“नको, आजोबा. माझं मेण झालंय.”

पिस्तूल वाजलं. साठ माणसं सुर्रकन निघाली. सीवर्टनं एक पाऊल टाकलं, दुसरं टाकलं, आणि तिसऱ्याला तो चार बोटं उंच झाला. पाऊल पडेल तिथलं नवं बर्फ त्या चिकट्याला लगटत होतं, त्यावर आणखी बर्फ, त्यावर आणखी. पहिल्या वळणापर्यंत त्याच्या पायांखाली वीतभर उंचीच्या खडावा तयार झाल्या. उतारावरून लोक बाणासारखे गेले. तो उतारावर उभा राहिला, आणि उभाच राहिला.

“वर जातोय की नुसता उंच होतोय?” कुणीतरी चीजचा पाव चघळत विचारलं, आणि सगळा काठ खदखदला.

इंगुन शेवटच्या रेषेपाशी वाटाण्याचं सूप वाढत होती. पहिला आला, दहावा आला, चाळिसावा आला. म्हातारा आजोबाही आला. सीवर्ट येईना. बाबा हातात घड्याळ धरून तिच्या शेजारी उभे होते.

“बघितलंस?” ते म्हणाले. “म्हणे वाट पाडणारा! नव्या कोरड्या बर्फावर चिकटा लावून आला. पाच वर्षांच्या पोरालाही कळतं, चिकट्याला नव्या बर्फाचं वावडं असतं. गोळे धरतात.”

इंगुनच्या हातातली पळी भांड्यात पडली.

“वावडं… असतं?”

“मग! तो आंधळा आहे की काय? तळ बघितल्या बघितल्या कळायला हवं होतं त्याला.”

“त्यानं बघितलं होतं,” इंगुन म्हणाली. तिचा आवाज तिलाच दुरून ऐकू आला. “आजोबांनी सांगितलंही. निळं देत होते. त्यानं घेतलं नाही.”

“का?”

“चिकटा मी लावला होता, बाबा.”

बाबांनी घड्याळावरून नजर उचलली. मुलीच्या नाकाकडे बघितलं. दूर झाडांत, वळणावळणानं येणाऱ्या रिकाम्या वाटेकडे बघितलं. त्यांच्या मिशा एकदा हलल्या.

“म्हणजे त्याला माहीत होतं,” ते सावकाश म्हणाले. “मी ठरवणार आहे, हेही माहीत होतं. साऱ्या खोऱ्यासमोर… आणि तरी खरवडलं नाही?”

“नाही.”

“मी तर तुझ्या आईनं लग्नाच्या वर्षी लावलेलं मेण गोठ्यामागे जाऊन खरवडलं होतं,” बाबा अगदी हळू म्हणाले. मग एकदम घसा साफ करून अध्यक्षांच्या आवाजात, “उभी काय राहिलीस? जा! आणि सांग त्याला, नव्या वर्षापासून वाट सहाला नाही, पाचला तयार हवी. निळ्या मेणाचं मी शिकवीन.”

ती निळ्या मेणावर अशी उडाली की बाबांनाही अभिमान वाटला.

तो शेवटच्या वळणाअलीकडे भेटला. टोपी खिशात, केस ओले, आणि पायांखाली आता जवळजवळ फूटभर बर्फ. एकेक पाऊल उचलून ठेवत, बाहुल्यांच्या खेळातल्या राक्षसासारखा येत होता.

“नमस्कार,” तो धापा टाकत म्हणाला.

“मूर्खा! सांगितलं का नाहीस?”

“काय?”

“की चुकीचं आहे! की… की मी तुझं सगळं नुकसान केलंय!”

“इंगुन,” तो काठ्यांवर रेलला. “अठ्ठावीस वर्षांत पहिल्यांदा माझ्या स्कीला कुणीतरी मेण लावलं. ते खरवडून टाकू?”

तिला रडू आलं आणि हसू आलं, आणि दोन्ही एकाच वेळी नाकातून बाहेर पडायला लागलं. “बाबांनी ठेवलंय तुला. पाचला वाट तयार हवी.”

“पाचला? आणि तुझी भट्टी चारला. म्हणजे पाचनंतर मी…”

“म्हणजे पाचनंतर तू सरळ खाली ये. कॉफी मी देईन.” मग एका दमात, थांबली तर राहून जाईल म्हणून, “मला तू आवडतोस. खूप. आता बोल काहीतरी.”

त्यानं वाकायचा प्रयत्न केला, पण त्या उंचीवरून वाकला असता तर तोंडावरच पडला असता. तिनं टाचा उंचावल्या, तरी ओठ त्याच्या हनुवटीपर्यंतच पोचले. मग इंगुननं आपल्या स्की सोडल्या आणि सरळ त्याच्या स्कीवर, त्याच्या बुटांपुढच्या जागेत, चढून उभी राहिली.

शेवटच्या रेषेवरून त्या वळणाचा एवढा तुकडा दिसत होता. सूप गार होत होतं, आणि सगळं खोरं टाचा उंचावून बघत होतं.

“चल ना आता,” बऱ्याच वेळानं ती त्याच्या जाकिटात तोंड खुपसून म्हणाली.

“कसा चालू? तू माझ्या स्कीवर उभी आहेस.”

“मग नको चालूस.”

इकडे बाबांनी घड्याळ डोळ्यांजवळ नेलं, दूर नेलं, पुन्हा जवळ नेलं. “अजून एक यायचा राहिलाय. वेळ मोजू ना?”

“थांबव ते घड्याळ, दादा,” गुद्रुन आत्या सूप ढवळत म्हणाली. “ती दोघं आज काही येत नाहीत.”